सिग्नल तुझ्या चालीवर लावलाय

निर्मला, तू गेलीस हे मला रफीकनं सांगितलं. तोच लाँड्रीवाला रफीक, ज्याच्या सायकलीपायी आपण दोघी इतकी वर्षं भांडलो. सकाळी इस्त्रीचे कपडे घेऊन आला आणि दारातच थांबला. "माँजी, वो पैदलवाली सिस्टर खलास," म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले. माणूस गेल्याचं असं सांगतात का, दुकानातलं तेल संपल्यासारखं? तो मान खाली घालून उभा राहिला. मग मला त्याचे डोळे दिसले. मी कपडे घेतले, दार लावलं आणि कुकर चढवला. दुसरं काय करणार होते?

झोपेतच तुझं हृदय थांबलं म्हणे. बायका जमल्या तेव्हा कुजबुजत होत्या, "एवढं चालायची बिचारी, काय उपयोग झाला?" मी म्हटलं, "ती मरू नये म्हणून चालत नव्हती. तिला पलीकडे जायचं असायचं म्हणून चालत होती." तू असतीस तर मला कोपर मारून म्हणाली असतीस, "काय गो मावशी, जरा गोड बोल की." मला गोड बोलता येत नाही, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुला विमानानं आणि पुढं गाडीनं चिपळूणला नेलं. तुझे यजमान, सावंत भाऊजी, पेटीबरोबर गेले. मी विमानतळावर आले नाही, गुडघा सुजला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. तिथून आपलं रेतीचं मैदान दिसतं, त्याच्या पुढे मोठा रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. रस्त्याच्या दोन्ही कडांना सिग्नलचे नवे खांब होते आणि त्यांच्या डोक्यावर काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या होत्या. दिवे अजून लागले नव्हते. मला रडू आलं नाही, राग आला. ज्या दिव्यासाठी एवढी वर्षं घालवलीस तो लागायच्या आधी कसली घाई झाली होती तुला? जन्मभर सगळीकडे घाईनं गेलीस, इथूनही तशीच.

मी कुवेतला आले तेव्हाचं आठवतं? आमचे हे गेले, निफाडचं घर बंद केलं आणि मुलानं मला इथं मंगफला आणलं. तो सकाळी मीना अल-अहमदीच्या तेलकारखान्यात कामावर जायचा, नात शाळेत, सून तिच्या ऑफिसात. मी खिडकीत. समोर समुद्र दिसत होता. मी मुलाला विचारलं, "इथून चालत किती लांब आहे?" तो म्हणाला, "चालत नाही जाता येत, आई. शुक्रवारी गाडीनं नेतो." शुक्रवारी खरंच नेलं. दिसणाऱ्या समुद्राला गाडीत बसून लांब वळसा घातला, मग गाडी लावायला जागा शोधत हिंडलो, आणि उतरून बघते तर समोर आमचीच इमारत. माझं दोरीवर वाळत घातलेलं पातळसुद्धा दिसत होतं. मी जन्मभर चाललेली बाई. विहीर, शेत, बाजार, माहेर, सगळं पायांनी. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, आपण म्हाताऱ्या झालो.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तू भेटलीस, दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात पिशव्या. मी कोण, कुठली काही न विचारता म्हणालीस, "खिडकीत उभ्या असता त्या तुम्हीच ना? चला, मी नेते समुद्रावर." तेव्हा 'तुम्ही' म्हणायचीस. मैदान ओलांडेपर्यंत 'मावशी' झाले आणि रस्त्याच्या कडेला पोचेपर्यंत 'तू'.

त्या मैदानात लोकांच्या पायांनी पडलेली एक वाट होती. नर्सेस, घरकाम करणाऱ्या बायका, दुकानातली पोरं, सायकलवाले, सगळे त्याच वाटेनं रस्त्यापर्यंत यायचे आणि मग जीव मुठीत धरून पळायचे. गाड्या इतक्या जोरात यायच्या की त्यांच्या वाऱ्यानं माझा पदर उडाला. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "आता मी सांगते तेव्हा धाव." मी म्हटलं, "मी शेळी नाही. धावणार नाही." आपण परत आलो. वाटेत तू म्हणालीस, "मग रस्ता थांबायला हवा." मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

नंतर एकदा त्या मैदानाला पत्र्याचं कुंपण लागलं. कुठल्यातरी ठेकेदाराला तिथं सामान ठेवायचं होतं. वाट बंद. मुलगा म्हणाला, जागा त्यांची आहे, आपण परदेशातली माणसं, गप्प बसावं. मलाही ते पटलं होतं. तू मात्र रोज संध्याकाळी थर्मास घेऊन त्या कुंपणाच्या पहारेकऱ्याकडे जायला लागलीस. तो उत्तर प्रदेशातला होता, त्याचं बीपी वाढलेलं असायचं. तू त्याचा दाब तपासायचीस, चहा पाजायचीस, मीठ कमी खा म्हणून दम द्यायचीस. वाटेबद्दल चकार शब्द काढला नाहीस. शेवटी त्यानंच मालकाला विचारून एक पत्रा सुटा केला आणि तारेनं दारासारखा टांगला. "सिस्टर को घूमके आना पड़ता है," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ही लाच झाली. तू म्हणालीस, "बीपी बघणं लाच असेल तर माझा अख्खा दवाखाना तुरुंगात जाईल." अजूनही मला ती लाचच वाटते. पण वाट राहिली.

आणि मग तुझं ते हळदीकुंकू.

संक्रांतीला तू मला बोलवायला आलीस तेव्हा मी तुला दारातूनच परत पाठवणार होते. मी म्हटलं, "मला कशाला बोलावतेस? माझं कुंकू गेलं."

"मावशी, रस्ता ओलांडायला नवरा लागतो का?"

"हळदीकुंकू घरात करतात. रस्त्याचा काय संबंध?"

"माझं समुद्रावर आहे. चटई पलीकडे टाकलीय. पोचायचं कसं ते बघू."

मला वाटलं चेष्टा करतेयस. खाली आले तर इमारतीतल्या आणि शेजारच्या इमारतीतल्या बायका काठापदराच्या साड्या नेसून, वर स्वेटर घालून उभ्या. जानेवारीची थंडी, वाऱ्यात रेती. तू एकेकीच्या हाताला पट्टी बांधत होतीस, शुवैखच्या दुकानातून आणलेली, रस्त्यावरच्या कामगारांच्या जाकिटाला असते तशी चमकणारी. मी विचारलं, हे काय? तर म्हणालीस, "वाण." मी आयुष्यात वाण म्हणून वाट्या बघितल्या, चमचे बघितले, कंगवेही बघितले. चमकपट्टी पहिल्यांदा बघत होते. "गाडीवाल्याला दिसेल असं वाण हवं," म्हणालीस. माझ्याही हाताला बांधलीस. कपाळाला हात लावायला आलीस तेव्हा मी तोंड फिरवलं. तू जबरदस्ती केली नाहीस, नुसता तिळगूळ दिलास. तेव्हा काही बोलले नव्हते. आज सांगते, ते बरं केलंस. दोन्ही बरं केलंस. बोलावलंस तेही आणि जबरदस्ती केली नाहीस तेही.

आपण सगळ्या वाटेनं रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. गाड्या काही थांबेनात. तेवढ्यात पोलिसाची गाडी आली. इथं घोळका करून उभं राहता येत नाही, मोर्चा वगैरे तर नाहीच नाही, हे पोरंसुद्धा जाणतात. नात माझ्या कानात म्हणाली, "आजी, लेट्स गो होम, प्लीज." तो तरुण पोलीस उतरला आणि अरबीत विचारायला लागला, काय चाललंय?

तू दवाखान्यात शिकलेल्या अरबीत त्याला सांगितलंस, "ही आमची दिवाणिया आहे. बायकांची. बसायची जागा पलीकडे आहे."

दिवाणिया म्हणजे इथल्या पुरुषांची संध्याकाळची बैठक. गप्पा, चहा, पत्ते, घराघरांतून चालते. बायकांची दिवाणिया, तीही रस्त्यापलीकडे चटईवर, हे त्यानं जन्मात ऐकलं नसेल. तो आपल्या साड्यांकडे बघत राहिला, मग हसला. गाडीवरचे दिवे लावले, गाडी रस्त्यात आडवी घातली आणि हात वर केला. सगळा रस्ता थांबला. आपण जरीच्या पदरांनी, तिळगुळाचे डबे घेऊन, हाताला पट्ट्या चमकवत मधून चाललो. मी सगळ्यात मागे. घाई केली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा चालत समुद्रावर पोचले.

उम्म फहद तिथेच भेटली. तुझ्या दवाखान्यात साखर तपासायला येणारी कुवेती म्हातारी, आपल्याच बाजूच्या बंगल्यात राहणारी. तिलाही तू बोलावलं होतंस. ती गाडीनं वळसा घालून आली, खजूर आणि कॉफी घेऊन. तिळगूळ खाऊन म्हणाली, हा कडक आहे, माझे दात खोटे आहेत. तू तिला रोज चालायला सांगत होतीस आणि ती रोज म्हणायची, कुठं चालू? त्या दिवशी आपण रस्त्यातून कशा आलो ते तिनं डोळ्यांनी बघितलं. तिचा मुलगा रस्त्यांच्या कामात इंजिनिअर आहे, हे तुला आधीपासून माहीत होतं की नाही, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की हसायचीस. तेवढं विचारायचं राहिलं.

पुढे दर संक्रांतीला तुझं हळदीकुंकू पलीकडेच झालं. कधी पोलीस भेटला, कधी नाही. बायका वाढत गेल्या. केरळच्या नर्स आल्या, फिलिपिन्सच्या आल्या. त्यांना हळद कशाला, कुंकू कशाला काही ठाऊक नव्हतं, पट्टी मात्र सगळ्यांना कळत होती. उम्म फहद वर्षभर मुलाच्या मागे लागलेली असायची. तू तिच्या मागे. मला वाटायचं यातून काही होणार नाही. तसं मी तुला सांगायचेही. तू म्हणायचीस, "मावशी, तू नाही म्हणत राहा. तुला दाखवायसाठी तरी मी करते."

गेल्या वर्षी इंजिनिअर खरंच आला. अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात मोबाईल. रस्त्यावर पांढरे झेब्रा पट्टे मारायचे ठरले होते, बटणाचा सिग्नल यायचा होता. त्याला बघायचं होतं, माणसाला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो. थोडा वेळ गाड्या अडवल्या होत्या. तो म्हणाला, कुणीतरी नेहमीसारखं चालून दाखवा. मी उठले. तू म्हणालीस, "बस गो, गुडघा सुजलाय तुझा. मी जाते." आणि निघालीस. नेहमीसारखीच. वॉर्डात घंटा वाजल्यावर नर्स जाते तशी. त्यानं घड्याळ बघितलं, काहीतरी टिपून घेतलं, शुक्रान म्हणाला आणि गेला. मी सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले होते, कारण बसायला दुसरं काही नव्हतं.

तिथूनच आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. आता वाटेवर फरशी बसवणार होते. इंजिनिअर म्हणाला होता, रुंदी थोडी आहे, कडेला सायकलींसाठी पट्टा आखता येईल नाहीतर बाकं आणि सावली करता येईल. तुला पट्टा हवा होता. मला बाक.

तू म्हणायचीस, "रफीक त्या मोठ्या रस्त्यावरून उलटा सायकल मारतो. कधीतरी मरेल."

मी म्हणायचे, "तो वाटेवरून मारतो तेव्हा मी मरेन. दोनदा माझ्या पायावर आलाय."

"त्याला त्याची जागा दे, मग तो तुझ्या पायावर येणार नाही."

"आणि मी दमले की कुठं बसू? तुझ्या पट्ट्यावर?"

तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळीही हेच. मी तुझ्या हळदीकुंकवाच्या पट्ट्या शिवत होते, तू माझ्या पलंगावर बसून शेंगा सोलत होतीस. भांडण चढलं. तू उठलीस. "उद्या बोलू, सकाळची ड्यूटी आहे." मी म्हटलं, "जा, जा. तुला बसायला कधी वेळ होता?" तू हसलीस आणि गेलीस. तेच माझं तुला शेवटचं बोलणं. लोक म्हणतात शेवटचे शब्द गोड असावेत. माझे नव्हते, पण खरे होते. मी ते मागे घेत नाही.

तुझ्या पट्ट्यांची पिशवी माझ्याकडेच राहिली. अर्ध्या शिवलेल्या. संक्रांत झाली. बायका म्हणाल्या, यंदा नको, निर्मलाताईंना जाऊन दिवस किती झाले, बरं दिसत नाही. सुतक, म्हणाल्या. मी म्हटलं, सुतक तिच्या घरच्यांना, आपण कोण? एकजण म्हणाली, "पण मग बोलावणं कुणी करायचं? सवाष्णीनं करायला हवं." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाला मुलाची परीक्षा, कुणाचा नवरा नको म्हणत होता. मला दिसत होतं काय होणार. यंदा नाही, पुढच्या वर्षी आठवण नाही. वाटेवर गाड्या लागायला लागतील. पहारेकरी बदलला की तो पत्राही कुणीतरी ठोकून टाकेल. खांब पिशव्या घालून उभे राहतील आणि इंजिनिअरला वाटेल, इथं कुणी चालतच नाही.

म्हणून बोलावणं मी केलं. विधवेनं. रथसप्तमीला, शेवटच्या दिवशी. आधी पिशवीतल्या पट्ट्या पुऱ्या शिवल्या. मग दारोदार गेले, लिफ्टनं, कारण जिने मला जमत नाहीत. एक-दोघींनी नाक मुरडलं. मी म्हटलं, "हळद मी लावणार नाही, तुमची तुम्ही लावून घ्या. मी फक्त चालणार आहे. यायचं तर या." सून म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" मग तिची तिनंच कपाटातून साडी काढली आणि माझ्या आधी तयार होऊन बसली.

त्या आठवड्यातच रफीक कपडे घेऊन आला. दारात तसाच उभा. मी विचारलं, आता कोण गेलं? तो म्हणाला, "माँजी, बत्ती चालू." मी खिडकीत गेले. खांबांच्या डोक्यावरच्या पिशव्या निघाल्या होत्या. तांबडा दिवा लागला होता, निर्मला. भर दुपारी दिसत होता.

रथसप्तमीला आपल्या बायका जमल्या. सगळ्या नाही, पण पुरेशा. मी एकेकीच्या हाताला पट्टी बांधली. पत्र्याच्या दारातून गेलो, वाटेनं कडेपर्यंत गेलो. बटण कुणी दाबायचं म्हणून सगळ्या मागे सरल्या. मी दाबलं. काही झालं नाही. नात म्हणाली, "आजी, वेट." थांबले. मग गाड्यांना तांबडा दिवा लागला आणि गाड्या थांबल्या. पोलीस नाही, कुणाचा हात वर नाही, कुणाची मेहेरबानी नाही. अख्खा रस्ता उभा राहिला आणि समोर चालणारा हिरवा माणूस लागला.

बायका पुढे गेल्या. मी मागे. रस्त्याच्या मधोमध पोचले आणि तो हिरवा माणूस लुकलुकायला लागला. मी पाय उचलला, तर तांबडा. एक गाडी गुरगुरली, दुसरीनं भोंगा वाजवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा सिग्नल तुझ्या चालीवर लावलाय! त्या दिवशी तू घंटा वाजल्यासारखी गेलीस आणि त्यानं तेवढाच वेळ धरला. या रस्त्यावर निर्मला सावंत सोडून कुणालाच पुरणार नाही एवढा वेळ. मी रस्त्यात उभी राहून तुला शिव्या घातल्या. मोठ्यानं. आणि हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मागून सायकल आली आणि माझ्या शेजारी आडवी झाली. रफीक. माझ्या आणि गाड्यांच्या मधे उभा राहून त्यानं हात वर केला, अगदी त्या पोलिसासारखा. "आराम से, माँजी." मी आरामात गेले. पलीकडे पोचल्यावर पिशवीत हात घातला, एक पट्टी उरली होती, ती त्याच्या हँडलला बांधली. उरली होती म्हणून दिली. पुरुषाला वाण देत नाहीत, हे मला माहीत आहे.

उम्म फहद चटईवर होती, तिचा इंजिनिअर मुलगा तिला सोडायला आला होता. यंदा तिळगूळ मऊ केला होता, तिनं दोन खाल्ले. तुझं नाव घेऊन ती काहीतरी पुटपुटली, हात आकाशाकडे केले. मी त्या इंजिनिअरला माझा गुडघा दाखवला, दिवा दाखवला आणि मला येतं तेवढं अरबी बोलले, "शुवय्या, शुवय्या." हळू, हळू. तो आधी हसला. मग सुनेनं त्याला इंग्रजीत नीट सांगितलं, तसा त्याचा चेहरा पडला. म्हणाला, वेळ बदलता येतो, पुन्हा मोजू. गुरुवारी येतो.

सायकलीचा पट्टा हवाच हे मी अजून मान्य केलेलं नाही. पण गुरुवारी मी त्याला सांगणार आहे, पट्टा आखायचा असेल तर आख, आधी एक बाक ठेव, तोंड समुद्राकडे. तू असतीस तर म्हणाली असतीस, मावशी हरली. हरलेली नाही. बाक आधी म्हटलंय.

आणि या वेळी मोजायला मीच चालणार आहे. माझ्या मागे कितीतरी गुडघे यायचे आहेत. म्हणून तुला आताच सांगून ठेवते, निर्मला, मला जमतं त्याहूनही हळू चालणार आहे.